बाबांनी पाडलेली चार भोकं

मी कंबरेचा पट्टा बोलतोय. तपकिरी, चामड्याचा, पितळी बकलाचा. मला कपाटाच्या तळाशी, जुन्या स्वेटरांखाली टाकून द्यावं, असं या घरातल्या काही शहाण्या माणसांना वाटतं. का वाटतं ते सांगतो. आणि मी का जाणार नाही, तेही सांगतो.

एका लांबट, कमी उजेडाच्या खोलीत मला बनवलं. कारागिराने चामडं कापलं, कडा मेणाने घोटल्या आणि सारख्या अंतरावर पाच भोकं पाडली. "मधलं रोजचं," तो शेजाऱ्याला म्हणाला, "दोन भरल्या पोटाची, दोन तापातून उठल्यावरची. पाचांत माणूस मावतो."

माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. मेजवानीत एक हात हळूच टेबलाखाली जातो, पट्टा एका भोकाने सैल होतो आणि वर चेहरा असा, की जणू काही घडलंच नाही. फोटो काढताना सगळे पोट आत ओढतात. काढणाऱ्याने जरा वेळ लावला की बिचारे जांभळे पडतात.

मला विकत घेतलं एका आईने, मुलाला नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून. मुलगा अंगाने भरलेला, बोटं मात्र नाजूक. नदीची रेघ एका दमात ओढायचा. तेव्हा तो मला दुसऱ्या भोकात लावायचा आणि आम्ही दोघं मजेत होतो.

कचेरीत त्याला ढोल्या म्हणत. "ढोल्या, खुर्ची जपून रे, सरकारी आहे." सगळे हसायचे, तोही हसायचा. हसताना त्याचं पोट दगडासारखं आवळायचं. ते फक्त मला कळायचं.

मग त्याने खाणं कमी केलं. आधी थोडं, मग बरंच. कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुक सुरू झालं. कचेरीतली रोखपाल बाई म्हणाली, "अगदी हिरो दिसायला लागलास की. आम्हालाही सांग काय करतोस ते." त्या दिवशी तो घरी चालत आला आणि वाटेत मला एका भोकाने आवळलं.

पाच भोकं संपली.

त्याच्या बाबांचं घराखालीच पुस्तकं बांधायचं दुकान. खळीचा, सरसाचा वास, भिंतीला टेकलेले पुठ्ठे आणि खणात भोकं पाडायचे लहानमोठे पंच. मुलगा मला घेऊन खाली गेला. "बाबा, एक भोक पाडून द्या ना."

बाबा खूश झाले. मोठा झालेला मुलगा बापाकडे काही मागायला येतो कुठे? त्यांनी मला फळीवर सपाट केलं, जुन्या भोकांमधलं अंतर पट्टीने मोजलं, पेन्सिलीची खूण केली आणि एकाच घावात भोक पाडलं. चामड्याचा भुगा फुंकरीने उडवला. "बघ. कंपनीनं पाडल्यासारखं."

असं चारदा झालं. चारही वेळा अंतर केसभर चुकलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, खुणेकडे बघितलं, पंचाच्या धारेकडे बघितलं. समोर उभ्या असलेल्या पोराकडे बघायचं राहून गेलं. शेवटी माझं टोक फार लोंबायला लागलं, तर त्यांनी तेही सुबक गोलाई देऊन कापून टाकलं. माझी पहिली दोन भोकं त्या तुकड्याबरोबर गेली. परत जायची वाटच कापली. त्यांना कुठं ठाऊक होतं?

धाकट्या बहिणीला मात्र संशय आला होता.

"दादा, तू जेवला नाहीस."

"कचेरीत खाल्लं."

"तुझा डबा भरलेला परत आलाय."

"तू पोलीस आहेस का गं?"

"राहू दे गं," आई म्हणाली. "तब्येतीकडे लक्ष देतोय तो. तूही दे जरा."

पण धाकटीने मनात नोंदवून ठेवलं. भर उन्हाळ्यात दादा स्वेटर घालतो. कुणाबरोबर जेवायला बसायची वेळ आली की त्याला काम आठवतं. जिना चढताना कठडा धरून उभा राहतो. पूर्वी तासन्‌तास गप्पा मारणारा आता दोन शब्दांत चिडतो. एवढा हडकुळा झाला तरी आरशासमोर म्हणतो, "अजून सुटलेलंच आहे."

मी त्याच्या हाडांवरून घसरत होतो. ओरडता आलं असतं, तर ओरडलो असतो.

तो कचेरीत कोसळला तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. "याला खाण्याचा विकार झालाय. हा हट्ट नाही, फॅशन नाही. आजार आहे. मनातून सुरू होतो आणि शरीर पोखरतो. वेळेत कळला तर माणूस बरा होतो. बरे झालेले कितीतरी आहेत माझ्याकडे."

"पण हे मुलींना होतं ना?" बाबांनी विचारलं.

"माणसांना होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने प्रयत्न केला, हे मला सांगायलाच हवं. रोज बहिणीसमोर बसून, डोळ्यांतून पाणी काढत तो खायचा. पण आम्ही फार उशिरा पोचलो होतो. तिसऱ्या आठवड्यात, दवाखान्यातच, त्याचं हृदय थांबलं.

मग भाऊ आले, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता. हृदयविकाराने निधन.

"खोटं आहे का यात?" ते म्हणाले. "हृदयच बंद पडलं ना? उगाच मनाचा आजार, खाण्याचा आजार काढू नकोस. लोक म्हणतील, घरात खायला घालत नव्हते काय. आणि तो पट्टा आधी आत टाक."

"भाऊ, आगीत सापडून माणूस गेला, तर श्वास कोंडला एवढंच सांगाल?" बाबांनी विचारलं.

"तुझ्यावरच येईल सगळं. भोकं कुणी पाडली, असं विचारतील."

"विचारू देत," बाबा म्हणाले. "मीच पाडली."

त्यांनी हृदयविकार या शब्दावर काट मारली आणि खाली, हिशेबाच्या चिठ्ठ्या लिहायच्या त्याच अक्षरात, आजाराचं खरं नाव लिहिलं. आईने खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी घेतली.

कचेरीतली मंडळी भेटायला आली तेव्हा मी टेबलावर होतो, पसरलेला. बाबांनी सांगितलं. प्रत्येक भोकाला बोट लावून सांगितलं. ढोल्या म्हणणारा खाली बघत होता. सगळे उठले, रोखपाल बाई उठली नाही. चपला घालणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर तिने विचारलं, "त्या डॉक्टरबाई कुठे बसतात? माझी पुतणी आहे. आम्ही सगळे तिला शाबासकी देतोय." धाकटीने पत्ता लिहून दिला आणि म्हणाली, "उद्याच जा. मी येते बरोबर."

आता मी दुकानात असतो, पुठ्ठ्यांच्या वर, येणाऱ्याची नजर पडेल अशा जागी. भाऊ अजून रागावतात. "दुकान आहे का प्रदर्शन?" बाबा पुठ्ठा कापत राहतात. गिऱ्हाईक विचारतं, बाबा सांगतात. सांगताना ते हातातलं काम खाली ठेवतात आणि शेवटपर्यंत सांगतात.

मी लाजेची वस्तू नाही. लाज वाटायची तर माझ्याकडे न बघणाऱ्यांना वाटू दे. कुणी झपाट्याने वाळत चाललं असेल तर त्याला छान म्हणू नका. कुणाच्या अंगाला नाव ठेवू नका. गंमत म्हणूनही नको. जेवण टाळणाऱ्यावर ओरडू नका, ताटावरून भांडू नका. जवळ बसा, बरा आहेस ना म्हणून विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. शंका आली तर डॉक्टरकडे न्या, वाट बघू नका.

काल एक तरुण दुकानात आला. वही बांधायला टाकली आणि कंबरेचा पट्टा सोडून पुढे केला. "काका, तेवढं एक भोक पाडून देता का?"

बाबांनी पट्टा हातात घेतला नाही. दिवा त्याच्या बाजूला वळवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"आधी बस," ते म्हणाले. "मला सांग, तू जेवलास का?"