सुकलालच्या घरची ट्यूबची पट्टी

मित्रांनो, मला उचलण्यात सुकलालचे नव्वद रुपये वाचणार होते. तेवढ्यावर भाऊ खूश! मी पत्र्याची साधी पट्टी. पोटात चोक, अंगावर सगळ्यात स्वस्त ट्यूब. भडगावात फुलचंदशेठच्या दुकानात माझी किंमत मीच जाणून होते.

शेठ बिचारे सांगत होते, "सुकलालभाऊ, घरात शिवणकाम चालतं ना? मग रंग खरे दाखवणारी ट्यूब घ्या. या स्वस्त ट्यूबखाली लाल रंग मरतो."

"उजेडले काय रंग ऱ्हास, शेठ? बठ्ठा उजेड सारखाच शे!"

बसा आता!

बरं, निदान लावायची तरी नीट? खिळा तयार होता, म्हणून मला शिलाई मशीनवर बसणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगलं. सुकलालची बायको ज्योत्स्ना शिवायला बसली, की तिचीच सावली सुईवर. तरी पहिल्या संध्याकाळी शेजारची बेबाबाई म्हणाली, "दिनच उगना व तुना घरमा!" मी फुगले, खोटं कशाला सांगू?

ज्योत्स्ना दिवसा मळ्यात राबायची, संध्याकाळी साड्यांना फॉल लावायची. गावातल्या कामिनीताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पाच साड्या नमुन्याला आल्या. त्या पसंत पडल्या, तर साऱ्या वऱ्हाडाचं काम ज्योत्स्नाला मिळणार होतं. तिने माझ्याच उजेडात फॉल जुळवले. रंग चुकताहेत, मला दिसत होतं हो! पण पट्टीला तोंड कुठे?

सकाळी कामिनीताईंनी घडी उन्हात उलगडली. "ज्योत्स्नाताई, मरून साडीला तपकिरी फॉल? बाकीच्या चारही तशाच! मांडवात लोकांनी काय पायाकडे बघत बसायचं?"

सुकलाल माझ्यावरच उखडला. "पट्टीच खराब शे!"

"पट्टीवर काबर चिडतस? शेठनी सांगेल व्हतं ना तुमले!" ज्योत्स्ना म्हणाली आणि टाके उसवत बसली.

माझी रवानगी गोठ्यात झाली. इथे मी सुखात आहे. म्हशीला मॅचिंग लागत नाही. माझ्यावर बोटभर धूळ आहे, तेवढी कोणी पुसली तर उपकार होतील.

मित्रांनो, दिवा घेताना त्याखाली कोण बसणार आणि काय करणार, हे आधी त्या माणसाला विचारा. सुकलालने शेवटी शेठनी सांगितलेली ट्यूब आणली, शिवणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर लावली. त्याचे फक्त पैसे गेले. ज्योत्स्नाने पाचही फॉल ओट्यावर उन्हात बसून, मळ्याची तीन दिवसांची मजुरी बुडवून बदलले. आणि वऱ्हाडाच्या साड्या गेल्या दुसरीकडे.