राहीबाईचा अझोला

बायको, राहीबाई, गेली तेव्हा अजिनाथला रडूसुद्धा आलं नाही. तेरावा उरकला, पाहुणे पांगले, लेक सासरी परतली, आणि मग कुठे त्याचं गोठ्यामागच्या खड्ड्याकडे लक्ष गेलं. प्लास्टिक अंथरलेल्या त्या खड्ड्यातल्या पाण्यावर राहीबाई गाईसाठी अझोला, शेवाळासारखा तरंगता हिरवा चारा, वाढवायची. शेण-पाणी सगळं तीच बघायची. मार्चच्या उन्हात तो आधी लाल पडला असणार. आता काळा होऊन तळाशी बसला होता.

गाईला लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यातली ज्योती मॅडम आली, तेव्हा त्याने विचारलं, "दुसरीकडचा आणला तर त्यो ह्योच आसंल का?"

"मावशींनी कुणाला दिला होता का, काका? मग तोच. याला फूल नाही, बी नाही. फांदी तुटते, तिचंच नवं रोप होतं. कुठंही वाढला तरी झाड मावशींचंच."

राहीबाईने दिला होता तो शेजारच्या वस्तीवरच्या साळूबाईला. तिच्या दाराला कुलूप. सगळी वस्तीच ऊसतोडीला गेलेली. अजिनाथने फोन लावला.

"आमचा कवाच वाळला, भाऊ. पर करंजीच्या भावजयीला दिल्ता मी, धनश्रीला. जावा तिच्याकडं."

झाकणाची बादली घेऊन तो एसटीने करंजीला गेला. धनश्रीच्या खड्ड्यात पाणी दिसत नव्हतं, इतका अझोला माजला होता. तिने हसत बादली भरून दिली.

"आमच्या राहीबाईचा हाय ह्यो," तो म्हणाला.

"राहीबाई कोण, बाबा?"

अजिनाथ बादली बाजूला ठेवून बसला आणि सांगू लागला. धनश्रीने पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला. सांगता सांगता त्याचा बांध फुटला, अनोळखी अंगणात.

बघता बघता त्याचा खड्डा हिरवा झाला. गाय पाटीत तोंड घालू लागली. "आला गं!" तो घराकडे बघून ओरडला, आणि मग रिकाम्या दारावरून नजर काढून पाटी गाईपुढे सरकवली.

मग एका सकाळी त्याने साळूबाईच्या कोरड्या खड्ड्यात पाणी भरलं आणि मूठभर अझोला सोडला. ती येईपर्यंत तो जगायला हवा, म्हणून रोज पाणी घालायला जाऊ लागला. काम घटकाभराचं. पण ऊन चढेपर्यंत तो त्या बंद दाराशी बसून असायचा. घरी जायची घाई अशी नव्हतीच.