तक्त्यावरची शेवटची ओळ

माझ्या कुशीत स्टुलाच्या पायाएवढं भोक आहे. काच गेली आहे, झाकण चेपलं आहे आणि आतल्या वायरी बाहेर लोंबत आहेत. मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना संगणक आहे आणि संगणकाला दुखत नाही. दुखलं ते माणसांना. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला एकेक तुकडा जोडत उभं केलं. शेवटच्या बाईने चार स्क्रू आवळले, पाठीवर एक थाप मारली आणि मला थर्माकोलमध्ये झोपवलं. जाग आली ती डोळ्यांच्या दवाखान्यात.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या टोकाला पडदा लावलेली अंधारी खोली. दाराजवळ काउंटर, काउंटरवर मी. पेशंटसाठी बाक होता आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वर ढोबळ अक्षरं, खाली खाली बारीक होत गेलेली. डॉक्टर मॅडम डोळे तपासायच्या आणि काउंटर ताई सांभाळायच्या. मी येण्याआधी सगळी माहिती कागदी फायलींत होती आणि त्यातल्या निम्म्या वाळवीने खाल्ल्या होत्या. त्या फायली गेल्या आणि चौदा हजार माणसांचे डोळे माझ्या पोटात आले. कुणाचा नंबर किती, कुणाच्या डोळ्यावर दाब किती, कोण कुठे राहतं, सारं मला तोंडपाठ. ताई रोज सकाळी चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसायच्या आणि पेशंटना सांगायच्या, "माझ्या लक्षात काही राहत नाही हो. सगळं याच्या डोक्यात." हे ऐकून मी फुगायचो. आता त्या फुगण्याची लाज वाटते.

माझी देखभाल एक तंत्रज्ञ करायचा. गळ्यात सतत वायरींचं वेटोळं, म्हणून सगळे त्याला वायरवाला म्हणायचे. तो मॅडमच्या मागे लागलेला असायचा. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या. माझ्यातल्या माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मॅडम म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात नक्की." तो आठवडा काही उजाडला नाही. पासवर्डचं तर वेगळंच त्रांगडं होतं. ताई तो दर सोमवारी विसरायच्या. शेवटी मॅडमनीच तोडगा काढला. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीतली आठ अक्षरं हाच पासवर्ड. विसरला तर मान वर करून बघायचं.

वायरवाल्याने कपाळावर हात मारला. "मॅडम, तुम्ही कुलपालाच चावी बांधून ठेवताय."

"अहो, ज्याला ती ओळ वाचता येते तो इथे येईलच कशाला?" मॅडम म्हणाल्या, आणि तिघंही पोट धरून हसले. खरं सांगतो, मलाही हसू आलं होतं.

मग एके दिवशी एक शिवणकाम करणारी बाई आली. डाव्या डोळ्याच्या जागी काळानिळा गोळा होता. कपाटाचं दार लागलं, म्हणाली. मॅडमनी पापणी हळूच उघडली तर आत रक्त साचलेलं. त्यांनी माझ्यात लिहिलं, 'ठोसा लागल्यासारखी इजा.' तीनदा उपचार झाले. डोळा राहिला, पण त्याने तीन फुटांपलीकडची बोटंही मोजता येईनात. चौथ्या वेळी ती आली तेव्हा काउंटरला धरून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कपाट नव्हतं. नवरा होता. मी घर सोडलंय, बहिणीकडे राहते. तिनं नुकतंच घर बदललंय, कुठे ते अजून कुणालाच ठाऊक नाही. हा पत्ता कुणालाच द्यायचा नाही ताई. माझ्या आईनं विचारला तरी नाही. एकच डोळा उरलाय माझा, त्याच्यावर पोट आहे."

"इथून कुठे जातोय तो?" ताई म्हणाल्या, आणि तिच्या बहिणीचा पत्ता आणि फोन नंबर त्यांनी माझ्यात लिहिला. कागदावर नाही, स्वतःच्या मोबाइलमध्ये नाही. फक्त माझ्यात. किती जपून वागल्या होत्या त्या!

बारा दिवसांनी तिचा नवरा आला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नखांत निळा रंग, बोलणं लोण्यासारखं. "ताई, बायकोला थेंब पोचवायचेत. जरा पत्ता देता का?"

"पेशंटची माहिती आम्ही देत नाही," ताईंनी सांगितलं. तो हसला. मग माझेही डोळे तपासा म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. ताईंना त्याला हाकलता आलं असतं. पण दवाखान्यातून पेशंटला कसं हाकलायचं?

थोड्या वेळाने ताई एका आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. मॅडम घाईत काउंटरवर आल्या, कुठलासा रिपोर्ट हवा होता. "ताई, पासवर्ड तोच ना?"

"हो, शेवटची ओळ," ताईंनी तिथूनच सांगितलं.

त्याने मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. जन्मभर अक्षरं रंगवलेला माणूस तो, कावळ्याची नजर. रिपोर्ट घेऊन मॅडम पडद्याआड गेल्या. ताई आजोबांचा हात धरून त्यांना तिकडेच घेऊन गेल्या. तो उठून काउंटरच्या आत आला आणि निळ्या नखांनी आठ अक्षरं दाबली.

मी उघडलो. मित्रांनो, मला माणूस ओळखता येत नाही, मला फक्त अक्षरं ओळखता येतात. अक्षरं बरोबर होती. त्याने बायकोचं नाव लिहिलं आणि मी मुकाट्याने पत्ता पुढे केला.

ताई परतल्या आणि जागीच थबकल्या. "ए, बाहेर हो आधी," त्या ओरडल्या आणि माझी वायर उपटायला झेपावल्या. त्याने त्यांचे केस मुठीत धरले आणि डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. भुवईतून रक्ताची धार लागली, की-बोर्ड लाल झाला. ताई खाली कोसळल्या तरी त्यांनी त्याचा पाय सोडला नाही. त्याने दुसऱ्या पायाने त्यांच्या बोटांवर लाथ मारली. मग लोखंडी स्टूल उचलून माझी काच फोडली, आणि स्टुलाचा पाय माझ्या कुशीत खुपसला.

"आता कर तिला फोन," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याने सगळा हिशेब नीट केला होता.

मॅडम धावत आल्या. ताईंना स्वतःच्या रक्ताचं भानच नव्हतं. "नंबर, मॅडम. तिचा नंबर याच्यातच आहे." मॅडमनी पोलिसांना फोन लावला. पलीकडच्याने विचारलं, कुठे पाठवू माणसं? मॅडमना सांगता येईना. पत्ता त्यांना कुठे ठाऊक होता? ताईंनाही तो आठवेना. प्रत काढलेली नव्हती. फोन हातात धरून त्या लहान मुलीसारख्या रडू लागल्या.

ताईंनी वायरवाल्याला बोलावलं. तो वीस मिनिटांत पोचला. त्याने आल्या आल्या मला उताणं केलं, वाकलेला पत्रा हातांनीच फाडला, त्यात त्याचा तळवा कापला. माझी डिस्क काढून त्याने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. मी जिवाच्या आकांताने फिरलो. खरखरलो, अडलो, पुन्हा फिरलो. पंधरा मिनिटांनी पत्ता आणि नंबर दिसला. पत्ता मॅडमनी पोलिसांना सांगितला. नंबर ताईंनी मोडलेल्या बोटांनी दाबला.

बहिणीने फोन उचलला.

"दार उघडू नका. तो येतोय. तिला कुठे सोडू नका."

"ती आत्ताच खाली गेली," बहीण म्हणाली. "दोऱ्याचं रीळ संपलं होतं."

फोन चालूच राहिला. जिन्यातून आलेली किंकाळी आम्ही सगळ्यांनी ऐकली.

शेजाऱ्यांनी त्याला बडवून पोलिसांच्या ताब्यात दिलं. तोवर तो तिला जिन्यावर खाली पाडून मारत होता, ठरवून उजव्या डोळ्यावर. मॅडम तीन तास टाके घालत होत्या. ती वाचली. उजव्या डोळ्याला आता उजेड कळतो, बाकी काही नाही.

आज दवाखान्यात नवा संगणक आहे. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आहे आणि तो कुठल्याही भिंतीवर नाही. प्रत रोज निघते. मी काउंटरखाली एका खोक्यात पडून आहे. काल ती बहिणीचा हात धरून आली होती. ताईंनी विचारलं, "हल्ली कुठे राहता?" सवयीचा प्रश्न. ती चाचपडत काउंटरपाशी आली, ताईंचा हात तिला सापडला आणि तिने तो दाबला.

"तुम्ही माझ्यासाठी मार खाल्लात," ती म्हणाली. "पण पत्ता नाही सांगणार."

ताईंनी ती जागा कोरी सोडली.

तो जामिनावर सुटला आहे. तिने घर बदललं आहे. पण त्या चौदा हजारांत तिच्यासारखं लपून राहणारं आणखी कुणी असेल, तर तोही पत्ता अजून माझ्या डिस्कवर आहे. भंगारवाला मला न्यायला परवाच आला होता. ताईंनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. वायरवाला उद्या ड्रिल घेऊन येणार आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आम्हाला जपा म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. वायरवाल्याला एवढंच सांगा, की एका भोकावर थांबू नको. घाई करू नको, पुढच्या आठवड्यावर टाकू नको. माझ्यातलं एकही अक्षर कुणाला वाचता येणार नाही, इतकं मला फोड.