सहावं मत

राष्ट्रीय नभोवाणीच्या नियामक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त चिटणीसबाई सतरा वर्षं लिहीत होत्या. मंडळावर नऊ जण: अध्यक्ष धरून पाच सरकारने नेमलेले, दोन श्रोत्यांचे, एक कर्मचाऱ्यांचा, आणि कलावंतांतर्फे एक म्हातारे गायक. वृत्तसंपादकाला काढायचं तर सहा मतं हवीत, असं कायद्यातच होतं. सरकारं येतील नि जातील, बातमी देणाऱ्याच्या मानेवर सुरी नको, म्हणून कुणा शहाण्याने ते कलम घातलं होतं.

त्या सोमवारी संपादकाला काढण्याचा ठराव आला. धरणाला तडे गेल्याची बातमी त्याने मंत्रालयाला न विचारता दिली होती. बातमी खोटी आहे असं कुणीच म्हणालं नाही. बाजूने हात वर झाले पाच, विरुद्ध तीन. गायक दवाखान्यात होते. ठराव पडला असं लिहायला बाईंनी पेन टेकवलं, तोच अध्यक्ष म्हणाले की गायकांनी सकाळीच फोनवर होकार दिलाय, तेव्हा सहा धरा. मत हजर राहूनच द्यावं लागतं, असं बाईंनी चाचरत सांगितलं.

"तुम्ही लिहायला आहात, बाई," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "बोलायला आम्ही आहोत."

दुपारी बाई दवाखान्यात गेल्या. गायकांच्या घशाचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. उशाशी त्यांची सून बसली होती. फोनचं विचारताच ती कसनुसं हसली.

"बाबा पाणीसुद्धा खुणेनं मागतात. फोनवर काय बोलणार?"

गायकांनी कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'मी होकार दिलेला नाही.' खाली सही केली. सून मात्र बाईंना दारापर्यंत सोडायला आली नि हळूच म्हणाली की ही खोली नभोवाणीनेच मिळवून दिलीय, जरा सांभाळून.

बाईंनी लिहिलं: पाच विरुद्ध तीन, ठराव नामंजूर. कागद सोबत जोडला. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं.

पुढच्या बैठकीत पहिलाच विषय होता, मागचं इतिवृत्त कायम करणे. अध्यक्षांनी दुरुस्ती सुचवली: ठराव सहा मतांनी मंजूर, जोडलेला कागद वगळावा. सुनेचं पत्रही त्यांनी वाचून दाखवलं. औषधाच्या गुंगीत काय लिहिलं ते बाबांना आठवत नाही, असं त्यात होतं. इतिवृत्तातली दुरुस्ती साध्या बहुमताने होते. हा नियम नव्या सदस्यांना बाईच वाचून दाखवत आल्या होत्या. पाच हात वर झाले. कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी या वेळी टेबलाकडे बघत बसला.

अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही बाईंपुढे सरकवली. नाही म्हणायचं असं घरून ठरवून आल्या होत्या त्या. पण सगळे ताटकळले होते, कुणी घड्याळ पाहत होतं. बाईंनी लिहिलं.

संपादकाने तरी दावा लावायचं ठरवलं आणि बाईंना सोबत घेऊन वकिलाकडे गेला. साक्ष द्यायला त्या तयार होत्या. वकिलाने वहीची छायाप्रत वाचली आणि चष्मा काढून ठेवला. कोर्ट कायम झालेलं इतिवृत्त मानतं, तोंडी सांगणं नाही, असं तो म्हणाला. मग दुरुस्तीवर बोट ठेवून त्याने विचारलं,

"हे अक्षर कुणाचं?"

संपादकाने बाईंकडे पाहिलं.

"माझंच," त्या म्हणाल्या.