माझं तोंड बोळीकडे फिरवलं तो रविवार

मी धाड गावच्या चावडीतला रेडिओ बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज थोडं माझं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. पाठीवर मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा शिक्का घेऊन, वाळल्या गवतात गुंडाळलेला, मी बुलढाण्याहून मोटारीनं इथं आलो. गफ्फारभाईंनी छपरावर बांबू उभारून तार ओढली आणि मागे जड बॅटरी जोडली. भांड्यांना कल्हई लावणारा माणूस, पण हातात काय कसब! तेव्हापासून मला चालू-बंद करायचा मान त्यांचाच.

रविवार माझा लाडका. त्या दिवशी नागपूरहून गाणी थोडी आणि बोलणंच फार. सकाळी थोरांची चरित्रं, मग मुलांच्या गोष्टी, दुपारी बायकांसाठी, पुढे कपाशीच्या किडीवर कोणी साहेब, आणि दिवेलागणीला नभोनाट्य. एवढी शहाणी माणसं माझ्या तोंडून बोलतात, याचं मला भारी अप्रूप.

एक मात्र गंमत होती. चावडीत बायकांनी यायचं नाही असा रिवाज. त्यामुळे दुपारच्या कार्यक्रमात डॉक्टरीणबाई "भगिनींनो" म्हणायच्या आणि समोर गावातले भगवंतराव न् रंगराव तंबाखू मळत "हाव, बोला बाई" म्हणायचे. बाळाला न्हाऊ कसं घालावं हे धाडच्या पुरुषांइतकं कोणालाच ठाऊक नसेल. घालत मात्र एकही नव्हता.

भगवंतरावांची सून रुख्मिणी; सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. तिची मुलगी आठ महिन्यांची झाली तरी अंग धरीना. पहिलं लेकरू याच वयात सुकत सुकत गेलेलं, म्हणून तिच्या जिवाला सारखा घोर. चावडीच्या मागे बोळीत विहीर आहे. तिथलं बोलणं खिडकीतून मला ऐकू येतं. एका सकाळी ती गफ्फारभाईंच्या बायकोला, फातिमाबींना म्हणाली, "भाभी, मामाजी ऐकून येतात पण अर्धंच आणतात. बाईनं डाळ सांगतली म्हणे. किती, कशी, थे ध्यानात नाही राह्यलं. मी नुसतं डाळीचं पाणी पाजून राह्यली. या रविवारी बाई लेकराच्या खाण्याचंच सांगणार हायेत. मले एकदा सोताच्या कानानं ऐकू द्या ना."

रविवार आला, पण भरलेली बॅटरी आणणारी मोटार काही आली नाही. गफ्फारभाईंनी तारा चाचपून पाहिल्या.

"जुन्या बॅटरीत एकच कार्यक्रम होईन. कोणता लावू?"

"नाटक! आज त्यातल्या थोरल्या भावाच्या खटल्याचा निकाल हाय," रंगराव म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

 तेव्हा बायकोकडून कळलेलं विहिरीवरचं सारं बोलणं गफ्फारभाईंनी सांगून टाकलं.

"माही सून असं म्हणे? अर्धं आणतो म्हणे मी?" भगवंतरावांचा चेहरा उतरला.

"अर्धं तरी कुठी, चतकोर म्हणा," रंगराव खो खो हसले.

भगवंतराव हसले नाहीत. खाली पाहत म्हणाले, "एक लेकरू गेलं आमचं. गफ्फारभाई, बाईचंच लावा. अन् याचं तोंड खिडकीकडे फिरवा."

"अन् आम्ही काय त्याची पाठ पाहाची?" रंगराव म्हणाले.

"पाहा एक दिवस. बाया रोज काय पाहून राह्यल्या?"

दुपारी बोळीत दहा-बारा जणी जमल्या. आधी निवेदकाचा पुरुषी आवाज आला, तशा साऱ्यांनी पटापट पदर पुढे ओढले. "जाऊ द्या, निघून जाईन थो आता," फातिमाबी ओढणी सावरत म्हणाल्या. मग बाई बोलू लागल्या. नुसतं पाणी नको, डाळ-तांदूळ मऊ शिजवून, कुस्करून द्या. एकदम नको, थोडं थोडं, अर्धी अर्धी वाटी, दिवसातून चार वेळा. अंगावरचं दूध तोडू नका. पाणी उकळून गार केलेलं.

माझा आवाज बारीक होत चालला. रुख्मिणीनं मुलीला कडेवर घेऊन गजांतून कान थेट माझ्या तोंडाशी लावला. जीव एकवटून मी शेवटचा शब्द तिच्या कानात घातला आणि गप्प झालो.

दिवेलागणीला सवयीनं सगळे जमले. "आता काय आयकाचं? भिंत?" रंगराव कुरकुरले. भगवंतराव उठून खिडकीशी गेले.

"सूनबाई, बाई काय म्हणल्या थे सांग बरं. सारं सांग."

बोळीतून तिचा आवाज आला. आधी चाचरत, मग स्वच्छ. क्रम चुकला नाही, एक गोष्ट सुटली नाही. मी कितीक विद्वानांची भाषणं पोहोचवली, पण इतकं जीव लावून बोललेलं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी रंगरावांनीच हळूच विचारलं, "वाटी केवढी म्हणे पोरी? आमच्या घरीही हाय एक लेकरू."

बॅटरी बुधवारी आली. आता दर रविवारी दुपारी माझं तोंड बोळीकडे असतं. माझ्यासारखे जिथं कुठं असतील त्या गावांना माझी एवढीच विनवणी, की बोलणं ज्याच्यासाठी आहे, तो समोर आहे का, तेवढं पाहा.

परवा त्या मुलीनं खिडकीचा गज धरला आणि आपल्या पायांवर उभी राहिली. "धरू नका, धरू नका, उभी हाय थे," असं रुख्मिणी म्हणत होती, आणि चावडीतले सारे पागोटेवाले श्वास रोखून बघत होते.