चौलचा बुडीत डोंगर

दिनांक ७ फेब्रुवारी १९२४ रोजी सकाळी साडेसात वाजता, पुरत्या ओहोटीला, बाळाजीपंत अधिकारी यांना रेवदंड्याच्या खाडीत गुलाबी ग्रॅनाइटचे एकतीस दगड सापडले. बाळाजीपंत मुंबईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवीत. किहीमपासून श्रीवर्धनपर्यंतचा सारा किनारा लाव्हारसाच्या काळ्या कातळाचा. त्यात गुलाबी ग्रॅनाइट निघणे म्हणजे कावळ्यांच्या थव्यात पोपट निघण्यासारखे होते. पोपट आला कोठून, याचा त्यांनी आठ महिने विचार केला आणि लेख लिहिला: चौलसमोर समुद्राच्या तळाशी लाव्हारसाहूनही जुना ग्रॅनाइटचा डोंगर बुडालेला आहे आणि लाटा त्याचे तुकडे काठाला आणून टाकतात.

लेख विलायतेत छापून आला आणि चालला. परदेशच्या विद्वानांनी तो आधाराला घेतला, डोंगराला ‘अधिकारी कटक’, म्हणजे अधिकारींची डोंगररांग, असे नाव दिले; एकाने तर तो नकाशात तुटक रेघांनी काढूनही दाखवला. अकरा वर्षांत सतरा ठिकाणी त्याचा उल्लेख आला. नमुन्यांना मागणी आली. बाळाजीपंत एकेक दगड कापडात शिवून आगबोटीने रवाना करीत. उरलेला शेवटचा दगड चौलच्या वाडीत त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, ठमाअक्कांकडे होता. मागचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अक्का तो दाराला लावीत, आणि शास्त्राच्या कारणासाठीही सोडीत नसत.

१९३५ च्या जानेवारीत एका परदेशी संग्रहालयाने आणखी पाच नमुने मागवले. बाळाजीपंत चौलला आले. चार दिवस त्यांनी खाडी पायाखाली घातली. एकही दगड मिळाला नाही.

“संपले असतील,” अक्का ताक घुसळता घुसळता म्हणाल्या. “अकरा वर्षं नेतोयस.”

“अक्का, डोंगर असा संपत नसतो.”

“मग सांग की त्याला, आणखी पाच पाठव म्हणून.”

बाळाजीपंतांना हसू आले नाही. लाटा डोंगर फोडीत असत्या, तर अकरा पावसाळ्यांत एक तरी नवा तुकडा यायला हवा होता.

पाचव्या दिवशी ते खाडीवर गेले, तेव्हा सुपारी भरायला एक रिकामे गलबत लागले होते. धर्माजी तांडेल वर उभा होता आणि त्याचे खलाशी गलबताच्या पोटातले दगड उचलून चिखलात फेकीत होते. काळ्या दगडांमागून एक गुलाबी आला.

“तांडेल, हे काय चालवलंय?”

“नीरम काढतोय, मास्तर. रिकामं गलबत लय डोलतं, म्हून तळाला दगडाचा भार घालतो. आता माल भरायचा, मंग भार कशाला?”

“हा गुलाबी कुठला?”

“मंगळुराकडं भरलेला हाय. आवडला काय? न्या की! दगडाला कोन इचारतो?”

बाळाजीपंतांनी दगड हातात घेतला. त्याला विचारणारे सतरा जण त्यांना नावानिशी ठाऊक होते.

चौल हे जुने बंदर. शेकडो वर्षे देशोदेशीची गलबते त्या खाडीत आपला भार टाकून गेली होती. त्यातला गुलाबी तेवढा बाळाजीपंतांनी वेचला होता.

दुपारी पानावर बसल्यावर त्यांनी अक्कांना सगळे सांगितले.

“मग आता रे?”

“चूक झाली असं छापायचं.”

“नाही छापलंस तर?”

“कुणाला कळायचं नाही. समुद्राच्या तळाशी बघायला कोण जातो?”

“आणि छापलंस तर?”

“डोंगर जाईल, त्याबरोबर नावही जाईल. एवढं एकच नाव मिळवलंय मी.”

अक्कांनी भात वाढला. “आळीत तुला अजून बाळ्या म्हणतात. ते काही जात नाही. जेव आणि लिहायला बस. आणि माझा दाराचा दगड कुठं पाठवू नकोस.”

बाळाजीपंतांनी मुंबईला जाऊन दुरुस्ती लिहिली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी ती वाचून चष्मा काढला. “पेन्शन होईपर्यंत थांबा, अधिकारी. डोंगर काही पळून जात नाही.”

“पळायला तो असावा लागतो, साहेब,” बाळाजीपंत म्हणाले आणि लिफाफा टपालात टाकून आले.

दुरुस्ती त्याच नियतकालिकात, त्याच टायपात छापून आली. बाळाजीपंतांनी चार माणसांत हसे होण्याची मनाची तयारी केली आणि वाट पाहिली. कोणी हसले नाही. पुढच्या वर्षी एका मोठ्या ग्रंथात अधिकारी कटक पुन्हा आला. आता त्याची रेघ तुटक नव्हती, सलग होती. बाळाजीपंतांनी ग्रंथकर्त्याला दुरुस्तीची प्रत पाठवली. उत्तर आले की, असा विनय विद्वानाला शोभतो. परंतु आमच्या संग्रहालयातला नमुना निर्णायक असल्यामुळे शंकेला जागा नाही. तो नमुना बाळाजीपंतांनी स्वतःच्या हाताने कापडात शिवलेला होता.

त्यानंतर जो कोणी डोंगराचे नाव घेई, त्याला ते दुरुस्तीची एक प्रत पाठवीत.

१९३९ अखेर डोंगराचे उल्लेख सव्वीस झाले होते. दुरुस्तीचे, शून्य.