निम्मी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. निम्मी म्हणा हवं तर. पुढचं चाक, त्याचा चिमटा, हँडल आणि घंटी एवढंच माझं शिल्लक राहिलं आहे. सीट नाही, कॅरिअर नाही, मागचं चाक नाही. त्यांच्या जागी लोखंडी पट्टी जोडून तिला सहा इंचांची धारदार पास, म्हणजे आडवं पातं, बसवली आहे. मला ढकललं की ती पास दोन बोटं मातीत शिरते आणि पिकाच्या दोन ओळींमधलं गवत मुळापाशी कापत जाते. म्हणून आता मला कोळपं म्हणतात. सुप्यापासून आत सात किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या पडवीत मी खुंटीला टांगलेली असते.

पण मी पहिल्यापासून अशी नव्हते. मी अख्खी होते, काळीभोर होते आणि कानिफनाथची होते. सुप्याच्या एमआयडीसीत त्याला काम लागलं, त्या वर्षी त्याने मला नवी कोरी घेतली. त्याच्याबरोबर लागलेल्या सगळ्यांनी पुढे मोटारसायकली घेतल्या. हा अकरा वर्षं माझ्यावरच जायचा. लोक चेष्टा करायचे, की कानिफा, आता हिला पेन्शन दे. तो हसायचा आणि रविवारी मला उलटी करून तेल द्यायचा. माझं कौतुक करणारा तो एकटाच होता, पण मला तेवढं पुरत होतं.

कामावरून येताना चिंचेच्या वळणावर तो दोनदा घंटी वाजवायचा. घरात त्याची आई छबूबाई ती ऐकून उठायच्या, तांब्या भरायच्या आणि उंबऱ्यावर आणून ठेवायच्या. त्याच्या खिशात मोबाईल असायचा, पण वर्दी घंटीचीच लागायची. पायरीशी मला टेकवून तो आधी पाणी प्यायचा. मग त्याची बायको लंकाबाई चहा टाकायची.

घरामागे त्यांचं सव्वा एकर मुरमाड रान आहे. बैल नाहीत. गेल्या वर्षी जूनच्या मध्यात कानिफनाथने एक दिवस सुट्टी काढली, शेजाऱ्यांची बैलं आणि पाभर मागून आणली आणि मूग पेरला. पाभर त्याने धरली, चाड्यात बी लंकाबाईने सोडलं. मधे एकदा तो पाणी प्यायला थांबला, तेव्हा लंकाबाईने पाभरीच्या रुमण्याला, म्हणजे मुठीला, नुसता हात लावला, तर बांधावरून छबूबाई तिच्यावर ओरडल्या. बाईने औत धरायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या सासूचाही तोच होता. कानिफनाथने लंकाबाईकडे बघून डोळे मिचकावले. मी बांधाला टेकून हे सगळं बघत होते.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळच्या पाळीला जाताना, पुणे-नगर रस्त्यावर मागून टेम्पो आला. माझं मागचं चाक आणि मधला सांगाडा चेपला. पुढच्या चाकाचा एक आराही वाकला नाही. कानिफनाथ वाचला नाही.

मित्रांनो, याहून जास्त मला सांगता येत नाही. तेव्हा मला फार काही वाटलं असंही नाही. लोखंडाला दाबलं की ते दबतं. ते तसंच पडून राहतं, कुणीतरी उचलेपर्यंत.

मला रशीदभाईंनी उचललं. सुप्याच्या चौकात त्यांचं पंक्चर आणि वेल्डिंगचं दुकान आहे. कानिफनाथ तिथे हवा भरायला थांबायचा, त्यामुळे माझा एकेक नट त्यांच्या ओळखीचा. त्यांनी मला दुकानामागे ठेवलं आणि वर एक गोणपाट टाकलं.

इकडे वस्तीवर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. तेरावं होईपर्यंत रानात कुणी पाऊल टाकलं नाही. मधल्या काळात पाऊस चांगला झाला. मुगाबरोबर हराळी आली, केना आला, घोळ आली. चौदाव्या दिवशी लंकाबाईने दार उघडून मागे बघितलं, तेव्हा मूग कुठला आणि गवत कुठलं तेच कळेना. खुरपायला बाया मिळत नव्हत्या, कारण सगळ्यांचाच मूग एकदम खुरपणीला आला होता. तिचा धाकटा दीर सुनील सोमवारी आला. त्याचा ट्रॅक्टर आहे. तो म्हणाला, वहिनी, हा मूग गेल्यात जमा आहे. शुक्रवारी रोटाव्हेटर आणतो, रान मोडून टाकू. पुढे मीच वाट्याने करीन, तुम्ही घर बघा. तो वाईट बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

लंकाबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तो ते हो समजला. त्या दिवसांत ती कशालाच काही म्हणत नव्हती. पण तो मूग कानिफनाथने पेरलेला होता. त्याच्या हातची दुसरी कुठलीही वस्तू आता वाढणार नव्हती. आणि रान एकदा वाट्याने गेलं की ते परत आपल्या हातात येत नाही, हेही तिला कळत होतं.

मंगळवारी ती रशीदभाईंकडे आली. कशाला आली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यांनी गोणपाट बाजूला केलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रशीदभाईंनी मुगाची चौकशी केली. तिने गवताचं आणि शुक्रवारचं सांगितलं, अगदी दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला सावलीत स्टूल दिलं. मग माझं मागचं सगळं कापून काढलं. ब्रेक काढून ठेवले. भंगारातली पट्टी घेतली, एका जुन्या पात्याची पास घासून धार लावली आणि जोडली. घंटी काढायला गेले, तर तिचा स्क्रू गंजलेला. दोनदा पाना लावून बघितला, मग राहू दिली. शेवटी त्यांनी माझ्या पुढच्या बाजूला एक लोखंडी कडी जोडली.

"वैनी, एकटीला जड गेलं तं ह्या कडीला दोरी बांदायची, आन् कुनीतरी पुढनं वढायचं," ते म्हणाले. "मंग लई हलकं चालतं."

लंकाबाईने कडीकडे बघितलं. ओढायला कोण आहे, असं तिला म्हणायचं असेल. तिने काय द्यायचं तेवढं विचारलं, तर रशीदभाई म्हणाले, मुगाच्या शेंगा आणून द्या चार.

घरी छबूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्या उठत नव्हत्या आणि धड जेवत नव्हत्या. सासू-सुनेत भांडण नव्हतं. तोंड उघडलं तर त्याचं नाव येईल, म्हणून दोघींनी तोंडच उघडलं नव्हतं. एक भाकरी थापायची, दुसरी चतकोर खायची, आणि दिवस जायचा. मला बघून छबूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कितीतरी दिवसांनी त्या एवढंच बोलल्या, की बाईच्या जातीने औत धरायचं नाही.

बुधवारी दिवस उगवायला लंकाबाईने मला रानात नेलं. मित्रांनो, माझं कोळप्याचं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं, आणि सुरुवात चांगली झाली हे सांगायला हवं. दोन हात पुढे ढकलायचं, हातभर मागे ओढायचं, पुन्हा पुढे ढकलायचं, हे तिचं तिलाच जमलं. हराळी मुळासकट वर येऊ लागली. मागे स्वच्छ पट्टी पडत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना मूग मोकळा उभा राहत होता. खुरप्याने ज्याला आठवडा गेला असता, ते मी दोन दिवसांत केलं असतं. मला तर जरा ताठाच आला होता. अशा सात ओळी झाल्या.

आठव्या ओळीला तिची नजर हरवली. डोळे उघडे होते, पण ती त्यांतून काही बघत नव्हती. हात चालत होते, पाय चालत होते. मी डावीकडे सरकले. हराळी चिवट असते, कापताना ती पासेला ओढून धरते. मुगाचं देठ ओलं असतं, त्याचा आवाजसुद्धा होत नाही. मला लगेच कळलं, की मी आता ओळींच्या मधून नाही, ओळीवरून चालले आहे. गवत मागे उभंच राहत होतं आणि मूग आडवा पडत होता. पण मला ओरडता येत नाही, आणि ब्रेक तर दुकानात राहिले होते. ती टोकाला गेली, वळली, पुढची ओळ धरली. पुन्हा टोकाला गेली, पुन्हा वळली. पाच ओळी मी कापल्या. कानिफनाथने पेरलेल्या, मी स्वतः बघितलेल्या.

मग एका दगडावर माझं चाक आदळलं आणि घंटी वाजली. धक्क्याने ती दोनदा वाजली.

लंकाबाई थांबली आणि तिने मागे बघितलं. आता ती रडेल असं मला वाटलं. ती खाली बसली, एक रोप उचललं आणि परत मातीत खोचलं. ते कलंडलं. तिने पुन्हा खोचलं, भोवतीची माती दाबली. ते पुन्हा कलंडलं. असं तिने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी तिने मला आडवं टाकलं आणि कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, की राहू दे आता, शुक्रवारी भाऊजीच फिरवतील.

तेवढ्यात घराकडून छबूबाई येताना दिसल्या. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता.

घंटी वाजली तशा त्या भिंतीपासून उठल्या होत्या. सवयीने तांब्या भरला आणि उंबऱ्यावर आणून ठेवला. कुणी आलं नाही. जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, मग तांब्या उचलला आणि जिकडून घंटी ऐकू आली तिकडे चालत निघाल्या. हे त्यांनीच पुढे एकदा पडवीत लंकाबाईला सांगितलं, तेव्हा मी वर खुंटीवर होते.

त्यांनी तांब्या सुनेच्या हातात दिला. ती पाणी प्यायली.

"आत्या," ती म्हणाली, "म्या त्यांचा मूग कापला."

छबूबाईंनी त्या पाच ओळी बघितल्या. त्या खाली वाकल्या, मला उभं केलं आणि घंटीवरची माती पदराने पुसली. बांधावर शेळी चरत होती. तिची दोरी सोडून त्यांनी माझ्या पुढच्या कडीला बांधली, दुसरं टोक खांद्यावरून घेतलं आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"आत्या, औत हाय त्ये. तुमीच म्हनला हुता."

"औत न्हाई ह्ये," छबूबाई म्हणाल्या. "माझ्या कानिफाची सायकल हाय. धर नीट. पुढचं मी बगते."

त्या चालू लागल्या, आणि मी हलकी झाले. रशीदभाई म्हणाले होते ते खरं होतं. छबूबाई ओळीकडे बघत ओढायच्या आणि लंकाबाई मागून दाबून धरायची. दगड लागला की घंटी वाजायची. त्या दोघी त्या दिवशी रडल्या का, ते मला विचारू नका. पुढे चालणारीचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि मागचीकडे बघायचा मला धीर झाला नाही. दोरी मधेच ताठ व्हायची, मधेच सैल पडायची. सैल पडली की दोघी थोड्या थांबायच्या आणि परत निघायच्या. मोकळी सुटलेली शेळी शेजाऱ्यांच्या रानात शिरली, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

गुरुवारी दिवस मावळायच्या आत रान उरकलं.

शुक्रवारी सकाळी सुनील ट्रॅक्टर घेऊन आला. बांधावर उतरून बघत राहिला. लंकाबाईने पदर खोचला, पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊजी, मूग हाय. ट्रॅक्टर माघारी न्या." त्याने मान हलवली. मग त्याला मधल्या पाच मोकळ्या ओळी दिसल्या. तिथे काय झालं, असं त्याने विचारलं. लंकाबाईने मान खाली घातली.

"त्या माझ्या हातनं गेल्या," छबूबाई म्हणाल्या.

सुनीलने ट्रॅक्टर वळवला.

मूग निघाला. थोडा निघाला, पण त्यांचा निघाला. रशीदभाईंना चार नाही, टोपलीभर शेंगा गेल्या. त्या पाच ओळी लंकाबाईने तशाच मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि छबूबाईंनीही त्यांत काही लाव म्हटलं नाही. यंदा शेजारच्या दोन बायका मला मागून न्यायला आल्या. बाईने औत धरायचं नाही, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा छबूबाईंनी त्याला घंटी वाजवून दाखवली.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला पावसात टाकू नका. काम झाल्यावर माती पुसा, धार लावा, महिन्यातून एकदा तेल द्या. मला एवढं पुष्कळ होतं. पण माझ्यावर गंज चढला तर तो कुणालाही दिसतो. माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरात कुणी फार दिवस गप्प राहून काम करत असेल, हात चालत असतील आणि नजर कुठेच नसेल, तर लांबून बघत बसू नका. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. तांब्याभर पाणी घेऊन जा आणि शेजारी उभे राहा.

शेळीची ती दोरी अजून माझ्या कडीलाच आहे. छबूबाईंनी शेळीसाठी नवी वळली.